कान वाहतो म्हणून मशीन लावता येत नाही? हाडातून ऐकायच्या इम्प्लांटबद्दल, पहिल्या पायरीपासून

मी कराडला ब्लाऊज शिवते. उजवा कान दुसरीत असल्यापासून वाहायचा, पुढे हाड सडलंय म्हणून मास्टॉइडची, म्हणजे कानामागच्या हाडाची, दोन ऑपरेशनं झाली, डाव्या कानाच्या पडद्याला भोक आहे पण तो बऱ्यापैकी कोरडा असतो. माप घेताना गिऱ्हाईक छत्तीस म्हणायचं आणि मी अडतीस लिहायची, अशी किती कापडं वाया गेली त्याचा हिशोब नाही. शेवटी प्रत्येक माप मी मोठ्याने परत म्हणून दाखवायला लागले, ती सवय अजून आहे.

साधं कानात घालायचं मशीन मी दोनदा घेतलं. दोन्ही वेळा तेच, मोल्ड, म्हणजे कानाच्या मापाचा साचा, घातला की आठ-दहा दिवसात कान ओला, मग ड्रॉप, मग मशीन डब्यात. हाडातून ऐकवणारं इम्प्लांट असतं हे मला फार उशिरा कळलं आणि कळल्यावरसुद्धा कुठून सुरू करायचं, काय विचारायचं, कशात फसायला होतं हे सांगणारं कोणी नव्हतं. म्हणून मी ज्या क्रमाने गेले, आणि खरं तर ज्या क्रमाने जायला हवं होतं, तो इथे लिहितेय. मी डॉक्टर नाही, तुमच्या कानाचा निर्णय तुमचे डॉक्टरच घेतील, पण त्यांच्यासमोर बसताना तुम्हाला काय विचारायचं ते माहीत असावं एवढ्यासाठी हे.

आधी एक छोटी गोष्ट करून बघा

एका कानात बोट घट्ट घाला आणि तोंड मिटून हुंऽऽ करा. आवाज त्या बंद कानात मोठा येतो ना? तो हवेतून आलेला नाही, कवटीच्या हाडातून थेट आतल्या कानापर्यंत गेला. आत शंखासारखा भाग असतो, ऐकण्याचं खरं काम तिथे होतं. बाहेरचा कान, नळी, पडदा आणि तीन बारीक हाडं ही सगळी आवाज तिथपर्यंत पोचवणारी वाट. माझी वाट खराब आहे, शंख चांगला आहे. म्हणूनच पापड खाल्ला की कर्रकर्र आवाज डोक्यात भरायचा आणि समोरचा माणूस काय बोलतोय ते मात्र कळायचं नाही.

हे इम्प्लांट खराब वाट सोडून देतं आणि हाडाला थरथर देऊन आवाज थेट शंखापर्यंत नेतं. बस, एवढीच कल्पना आहे. पण ती कल्पना कुणाला चालते आणि कुणाला नाही हे सगळं पहिल्या पायरीवर ठरतं, म्हणून मी त्या पायरीवर जास्त लिहिणार आहे.

१. ऑडिओग्रामवरची हाडाची रेघ वाचायला शिका

ऑडिओग्राम म्हणजे तो आलेखाचा कागद, जो आपण घरी आणून फाईलमध्ये टाकतो आणि परत कधी बघत नाही. तो काढा. वर ० आणि खाली १००-१२० असे आकडे असतील, ते डेसिबल. रेघ जितकी खाली तितकं ऐकू कमी. आडवे आकडे म्हणजे आवाजाची पट्टी, २५० पासून ८००० पर्यंत, बोलण्यासाठी महत्त्वाचे ५०० ते ४००० मधले.

उजव्या कानाची हवेची रेघ लाल गोलांची, डाव्याची निळ्या फुल्यांची. हे बहुतेकांना कोणीतरी सांगितलेलं असतं. पण त्याच कागदावर बाणाच्या टोकासारख्या किंवा चौकोनी कंसासारख्या बारीक खुणा असतात, त्या हाडाच्या. कानामागे हाडावर एक ठोकळा लावून जी टेस्ट करतात ना, ती. आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाच्या खुणा याच.

माझा उजवा कान हवेतून ७० च्या आसपास आणि हाडातून २५. मधलं अंतर ४५. हे अंतर म्हणजे वाटेतला बिघाड आणि ते साधारण ३० च्या वर गेलं की कानातल्या मशीनपेक्षा हाडाचं मशीन जास्त सोपं पडतं, कारण कानातल्या मशीनला तो बिघाड पार करायला आवाज फार वाढवावा लागतो, हाडाच्या मशीनला तो पार करावाच लागत नाही.

पण हाडाची रेघच ६०-७० वर असेल तर? मग शंख किंवा नस कमजोर आहे. हाडाच्या मशीनची ताकद मर्यादित असते. बोनब्रिज आणि ओसिया ही या इम्प्लांटची नावं, प्रकार पाचव्या पायरीत सांगते. बोनब्रिज हाडाची रेघ ४५ पर्यंत असलेल्यांसाठी आहे, ओसिया ५५ पर्यंत, त्वचेतून बाहेर येणाऱ्या खुंटीवर लावायची सगळ्यात ताकदवान मशीनं ६५ पर्यंत जातात. त्यापलीकडे गेलेल्या माणसाला हे इम्प्लांट देऊन उपयोग नाही, त्याचा विचार ताकदवान साध्या मशीनचा किंवा कॉक्लियर इम्प्लांटचा. या दोन इम्प्लांटमध्ये गोंधळ फार होतो. कॉक्लियर इम्प्लांटमध्ये तार शंखाच्या आत जाते आणि नसेला वीज देते, हाडाच्या इम्प्लांटमध्ये शंखाला हातच लावत नाहीत. आमच्या नात्यातल्या एकांनी दोन वर्षं चुकीच्या इम्प्लांटची चौकशी केली, नुसत्या नावावरून.

आणखी एक. "कानाची नस सुकलीय" हे वाक्य आपल्याकडे कुणीही कुणालाही सांगतं, औषधाच्या दुकानातसुद्धा. नस सुकलीय की नाही हे हाडाच्या रेघेवरून कळतं, बोलण्यावरून नाही. कुणी असं म्हटलं तर कागद पुढे ठेवा आणि विचारा, हाडाची रेघ किती आहे?

२. टेस्ट नीट झालीय का ते बघा

इथे मी स्वतः अडकले होते. कवटी एक आहे, त्यामुळे उजव्या कानामागे ठोकळा लावला तरी थरथर डाव्या शंखापर्यंतही जवळपास तेवढीच पोचते. मग उजवा शंख खरंच ऐकतोय की डावा त्याच्या बदल्यात उत्तर देतोय, हे कसं कळणार? त्यासाठी दुसऱ्या कानात मुद्दाम खरखर आवाज सोडतात, त्याला मास्किंग म्हणतात. माझी पहिली टेस्ट ज्या ठिकाणी झाली तिथे आसपास वर्दळ, दार उघडं, आणि मास्किंग केलंच नव्हतं, दहा मिनिटात कागद हातात. दुसरीकडे परत केली तेव्हा आकडे बदलले.

म्हणून टेस्ट करून घेताना: खोली आवाजबंद हवी, हाडाची टेस्ट दोन्ही कानांची हवी, मास्किंग केलंय असं कागदावर दिसायला हवं आणि सोबत शब्द ओळखण्याची टेस्टही हवी म्हणजे नुसते टूँ-टूँ आवाज नाही तर बोललेले शब्द किती कळतात ते. शब्दांची टेस्ट मराठीत घ्या म्हणून सांगा. आपल्याला न येणाऱ्या भाषेतले शब्द चुकले तर तो कानाचा दोष धरला जाईल.

सरकारी संस्थांपैकी मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे ही तपासणी पूर्ण होते. बाकी मोठ्या शहरातल्या मेडिकल कॉलेजला ऑडिओलॉजी, म्हणजे ऐकण्याच्या तपासणीचा, विभाग असतो. सकाळी लवकर जा, आदल्या दिवशी कान साफ करून घ्या, मळ असला तर रेघ उगाच खाली जाते.

३. आधी कान कोरडा आणि आजारमुक्त

आत हाड सडण्याचा आजार चालू असेल, ज्याला डॉक्टर कोलेस्टिअटोमा म्हणतात, तर आधी तो काढायचा. घाण वास येणारं पाणी, चक्कर, तोंड वाकडं होणं यातलं काहीही असेल तर इम्प्लांटचा विषय बाजूला ठेवा आणि ताबडतोब कान-नाक-घसा डॉक्टरांकडे जा, हा आजार मेंदूपर्यंत जाऊ शकतो.

कधी कधी पडदा बसवून किंवा आतलं हाडूक बदलून ऐकू सुधारतं आणि इम्प्लांटची गरजच राहत नाही. हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारा, "माझा पडदा दुरुस्त होण्यासारखा आहे का, आणि केला तर ऐकू किती वाढेल?" माझ्या उजव्या कानात दोन ऑपरेशनांनंतर दुरुस्त करण्यासारखं काही उरलेलंच नव्हतं, मोकळी पोकळी आहे फक्त. डाव्याला भोक असूनही ते सध्या बंद करायचं नाही असं ठरलं.

टेम्पोरल बोनचा, म्हणजे कानाभोवतीच्या हाडाचा, सीटी स्कॅन इथेच लागतो. आजार परत आलाय का ते त्यात दिसतं आणि कानामागे हाड किती जाड आहे, शिरेची मोठी नाळ कुठून जाते, इम्प्लांटला जागा कुठे आहे हेही. माझं नेहमीच्या जागेचं हाड आधीच्या ऑपरेशनात कोरून गेलेलं होतं त्यामुळे थोडं मागे, पोकळीपासून लांब जागा निवडली. मास्टॉइड झालेल्यांनी हे आवर्जून विचारायचं.

४. कापण्याआधी वापरून बघा, आणि आपल्या कामाच्या जागी बघा

या इम्प्लांटची सगळ्यात चांगली गोष्ट ही की ऑपरेशनआधी तुम्ही साधारण कसं ऐकू येईल ते ऐकू शकता. डोक्याच्या ऑपरेशनांमध्ये अशी सोय फार थोड्यांना असेल. हाडाचं मशीन पट्ट्यावर, म्हणजे बँडवर, बसवून कानामागे दाबून लावतात, शंखापर्यंत थरथर जाते आणि लगेच कळतं.

क्लिनिकमध्ये अर्धा तास लावून समाधान मानू नका. शांत खोलीत समोर बसून ऑडिओलॉजिस्ट हळू स्पष्ट बोलतात तेव्हा सगळंच छान वाटतं, मलाही वाटलं, डोळ्यात पाणी आलं माझ्या. पण मी अनामत भरून बँड नऊ दिवस घरी नेला आणि खरं काय ते तिथे कळलं. शिलाई मशीनच्या आवाजात छत्तीस-अडतीस कळतं का, वहिनी स्वयंपाकघरातून हाक मारतात ती कळते का, एसटीत शेजारची बाई काय म्हणते, कीर्तनाला मागे बसून किती कळतं, मोबाईल कुठे धरायचा. रोज रात्री वहीत लिहायचे, तीच वही पुढे डॉक्टरांना दाखवली.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. बँडने डोकं आवळतं, दोन तासांनी दुखायला लागतं, ते बँडचं दुखणं आहे, इम्प्लांटमध्ये तसं आवळणं नसतं. आणि मधली कातडी बारीक आवाज खाते, स, श, च, त हे बँडवर थोडे मंद येतात. म्हणजे बँडवर जेवढं ऐकू येतंय ते साधारण कमीतकमी, थेट हाडाला थरथर देणाऱ्या इम्प्लांटमध्ये ते जास्त स्वच्छ होतं. माझं झालं. पण बँडवर काहीच फरक पडला नाही तर मात्र ऑपरेशनने जादू होणार नाही, तिथेच थांबा.

ट्रायल द्यायला कुणी टाळाटाळ करत असेल आणि थेट ऑपरेशनची तारीख देत असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

आणि हो, ऑनलाइन मिळणारे बोन कंडक्शन हेडफोन म्हणजे हे नव्हे. ते गाणी ऐकायचे, पळताना वापरायचे. तुमच्या ऑडिओग्रामप्रमाणे ते लावता येत नाहीत. आमच्याच गल्लीत एकाने आईसाठी आणले, मग मशीन वाईट असतं असा तिचा कायमचा समज झाला.

५. प्रकार समजून घ्या

कंपनीचं नाव नंतर, आधी प्रकार.

बिनऑपरेशनचे: डोक्याचा मऊ पट्टा, किंवा कानामागे चिकटवायचा ॲडहिअर. ॲडहिअरची ताकद कमी, हाडाची रेघ २५ पर्यंत असेल तरच.

खुंटीवाला: हाडात टायटॅनियमचा छोटा स्क्रू, त्यावर कातडीबाहेर आलेली खुंटी, तिच्यावर मशीन टिचकन बसतं. बाहा आणि पोंटो ही नावं ऐकाल. हा सगळ्यात जुना आणि तपासलेला प्रकार. टायटॅनियम जिवंत हाडाशी जुळून जातं हे स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी १९५० च्या दशकात सशांच्या हाडावर काम करताना पाहिलं, त्यावरून दाताचे इम्प्लांट आले आणि १९७७ मध्ये गोथेनबर्गला पहिल्या पेशंटना कानामागे स्क्रू बसवला. हाड स्क्रूला धरेपर्यंत थांबावं लागतं, मोठ्यांना काही आठवड्यांपासून तीन महिन्यांपर्यंत, मुलांना जास्त. फायदा म्हणजे ताकद चांगली, मशीन काढलं की एमआरआयला अडचण नाही. तोटा म्हणजे खुंटीभोवतीची कातडी रोज साफ करावी लागते, आयुष्यभर. लाल होते, कधी पाणी येतं, कुणाची कातडी खुंटीवर वाढते. ज्यांना जखमेचा व्रण जाड फुगतो, म्हणजे केलॉइडची सवय आहे, त्यांनी हे आधीच सांगायचं.

लोहचुंबकवाला, साधा: कातडीखाली चुंबक, बाहेर मशीन चुंबकाने चिकटतं, पण थरथर बाहेरच तयार होऊन कातडीतून जाते. खुंटी नाही पण कातडी थोडा आवाज खातेच.

लोहचुंबकवाला, थरथर आतच तयार करणारा: बोनब्रिज आणि ओसिया या जातीचे. थरथरणारा भाग हाडावर बसवलेला, बाहेरचं मशीन फक्त सिग्नल देतं. मला बोनब्रिज बसवलं. कातडी पूर्ण बंद राहते, हे माझ्यासाठी मोठं होतं, कारण लहानपणापासून कानाचं ओलेपण पुसण्यात दिवस गेले आणि डोक्यावर आणखी एक रोज साफ करायची जागा मला नको होती. तोटे: ऑपरेशन मोठं, किंमत जास्त आणि एमआरआयला अट. बोनब्रिजला १.५ टेस्लापर्यंत चालतं, त्यावरच्या मशीनमध्ये नाही, आणि डोक्याचा एमआरआय केला तर इम्प्लांटजवळचा भाग काळा येतो. ज्यांना दुसऱ्या आजारामुळे डोक्याचे एमआरआय वारंवार लागतात त्यांनी आधी हे बोलून घ्या.

एकच कान पूर्ण गेलेल्यांसाठी

हे इम्प्लांट त्यांनाही देतात, अमेरिकेत २००२ पासून या कारणासाठी मान्यता आहे. पण तिथे काम वेगळं होतं. मेलेल्या बाजूचा आवाज हाडातून पलीकडच्या चांगल्या कानाकडे जातो. म्हणजे त्या बाजूला बसलेल्याचं ऐकू येईल, पण आवाज कुठून आला ती दिशा परत येणार नाही आणि चांगला कान खरंच चांगला हवा, हाडाची रेघ २० च्या आत. आणि एका रात्रीत, अचानक एक कान बंद झाला असेल तर हे वाचत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा, सुरुवातीच्या दिवसात दिलेल्या औषधाने काहींचं ऐकू परत येतं, उशीर झाला की ती संधी जाते.

लहान मुलांच्या आईवडिलांसाठी

माझ्याकडे शिवायला येणाऱ्या एका ताईंच्या नातवाला जन्मतः कानाची पाळी अर्धवट आणि नळी बंद. घरात सगळे म्हणत होते मोठा झाला की ऑपरेशन करू. ऑपरेशनला थांबायचं हे खरं, स्क्रू धरायला कवटी जाड व्हावी लागते म्हणून साधारण पाच वर्षांपर्यंत थांबतात, पण ऐकण्यासाठी थांबायचं नाही. मऊ पट्ट्यावरचं हाडाचं मशीन काही महिन्यांच्या बाळालाही लावतात. भाषा पहिल्या दोन-तीन वर्षात बसते, ती वर्षं परत मिळत नाहीत. दोन्ही कान बंद असतील तर यात अजिबात दिरंगाई नको. बाळाची टेस्ट म्हणजे बेरा, बाळ झोपलेलं असताना डोक्याला तारा लावून करतात ती, ती हाडातूनही करा म्हणून सांगा, नुसत्या हवेतून केली तर मूल पूर्ण बहिरं असल्यासारखा रिपोर्ट येऊ शकतो.

पुढे कानाची पाळी बनवायचं ऑपरेशन करायचं असेल तर इम्प्लांटची जागा प्लॅस्टिक सर्जनना विचारूनच ठरवायची. चुकीच्या जागी छेद गेला की पाळीसाठी लागणारी चांगली कातडी आणि रक्तपुरवठा बिघडतो.

६. कागद आणि पैसे

फाईलमध्ये हे सगळं तारखेच्या क्रमाने:

- आतापर्यंतचे सगळे ऑडिओग्राम, जुनेसुद्धा
- आधीच्या कानाच्या ऑपरेशनांचे डिस्चार्ज कार्ड, जमलं तर ऑपरेशन नोट
- सीटी स्कॅनची सीडी आणि रिपोर्ट दोन्ही, नुसता रिपोर्ट नको
- ट्रायलची वही आणि बँड लावून केलेल्या टेस्टचा कागद
- साध्या मशीनने कान वाहतो असं लिहिलेलं डॉक्टरांचं पत्र
- आधार, रेशन कार्ड, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, बँक पासबुक
- पॉलिसी असेल तर पूर्ण पुस्तिका
- दिव्यांग प्रमाणपत्र असेल तर

ते साध्या मशीनबद्दलचं पत्र विसरू नका. पैसे मागायला कुठेही गेलात की पहिला प्रश्न हाच, साधं मशीन का नाही चालत?

कोटेशन तुकड्यातुकड्यात लेखी घ्या: आतला इम्प्लांट, बाहेरचा प्रोसेसर (म्हणजे बाहेरचं मशीन), ऑपरेशन आणि हॉस्पिटल, प्रोग्रामिंगच्या भेटी, वॉरंटी किती वर्षं आणि कशाची. आतला भाग वर्षानुवर्षं राहतो, बाहेरचं मशीन मात्र काही वर्षांनी बदलावं लागतं आणि तो खर्च त्या दिवशी कोणी बोलत नाही. मला एका ठिकाणी सांगितलेल्या आकड्यात प्रोसेसर धरलेलाच नव्हता, हे मला तिसऱ्या भेटीत कळलं.

विम्याचा सापळा असा की बऱ्याच पॉलिसीत श्रवणयंत्र आणि बाहेरून वापरायची उपकरणं वगळलेली असतात. त्यामुळे ते आतला इम्प्लांट मान्य करतात आणि बाहेरचा प्रोसेसर श्रवणयंत्र म्हणून नाकारतात, आणि बाहेरच्याशिवाय आतला मुका. म्हणून ऑपरेशनआधी लेखी मंजुरी मागा, अर्जात आतला-बाहेरचा मिळून एकच इम्प्लांट आहे असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. कान-नाक-घशाच्या आजारांना अनेक पॉलिसींत पहिली दोन वर्षं वेटिंग असतं, तेही तपासा.

दिव्यांग प्रमाणपत्राबद्दल आशा ठेवून जाल म्हणून सांगते. २०१६ च्या कायद्यात ऐकू कमी येणं म्हणजे दोन्ही कानांत ६० ते ७० डेसिबल आणि बधिर म्हणजे दोन्ही कानांत ७०. एकच कान खराब असेल तर बहुतेक सवलतींना लागणारे दिव्यांगत्वाचे ४० टक्के सहसा भरत नाहीत. तरी दोन्ही कान खराब असतील तर ऑनलाइन अर्ज करून सिव्हिल हॉस्पिटलची तारीख नक्की घ्या.

आणि सरकारची कॉक्लियर इम्प्लांटची योजना लहान मुलांसाठी आहे म्हणून ती हाडाच्या इम्प्लांटलाही लागेल असं धरू नका. त्यापेक्षा हॉस्पिटल धर्मादाय आहे का विचारा. महाराष्ट्रात धर्मादाय हॉस्पिटलला १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकातल्या पेशंटसाठी ठेवाव्या लागतात. तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा, डॉक्टरांना नाही, हे काम त्यांचं असतं. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही तेच भरून द्यायला मदत करतात. माझे हॉस्पिटलचे पैसे असे बरेच कमी झाले, मशीनसाठी मात्र भिशी आणि भावाने दिलेले पैसे.

७. ऑपरेशन

यावर लिहिण्यासारखं खरंच थोडं आहे. पूर्ण भूल, कानामागचे थोडेच केस काढले, हाडात जागा करून इम्प्लांट बसवला, टाके, डोक्याला घट्ट पट्टी. दुसऱ्या दिवशी घरी. दुखलं, पण मास्टॉइडच्या मानाने काहीच नाही. व्रणाच्या वरचा भाग बरेच महिने बधिर होता, कंगवा फिरवला की कळायचं नाही, ते हळूहळू जातं. पट्टी सुटल्यावर सूज, ताप किंवा जखमेतून पाणी आलं तर फोन न करता थेट जा.

मोठ्यांना खुंटीवाला साध्या प्रकारे, फक्त तेवढी जागा बधिर करूनही करतात.

८. सुरू केल्यावर

टाके भरून सूज उतरली की, साधारण महिन्याच्या आत, मशीन सुरू करतात. सोबत घरचं कुणीतरी न्या. पहिल्या दिवशी आवाज बारीक, पत्र्यासारखे वाटतात, स्वतःचा आवाज तर नकोसा होतो. फॅनचा एवढा आवाज असतो हे मी पहिल्यांदा त्या दिवशी ऐकलं. काढून ठेवावंसं वाटेल, काढू नका, रोज जागेपणी जेवढं जमेल तेवढं लावा. दोन-तीन आठवड्यात मेंदू सवय करून घेतो, मग परत जाऊन आवाज सेट करून घ्यायचा. जाताना "नीट येत नाही" असं मोघम सांगू नका. "भांडी पडली की टोचतं", "पुरुषांचा आवाज कळतो, लहान मुलींचा नाही", असं सांगितलं की ऑडिओलॉजिस्ट बरोबर तेवढंच बदलतात.

९. रोजचं

चुंबकाखालची कातडी रोज रात्री आरशात बघा किंवा घरच्यांना बघायला सांगा. लाल झाली, दुखली तर चुंबक एक नंबर कमी ताकदीचा घ्या. पडतंय म्हणून स्वतःच जास्त ताकदीचा लावायचा नाही, खालची कातडी मरते.

केसाला तेल लावाल ते रात्री, मशीन काढून. तेलाने माईकची भोकं बुजतात. अंघोळ, पोहणं, केस रंगवणं, सगळं मशीन काढून.

पावसाळ्यात आपल्याकडे दमटपणाने मशीन गुदमरतं. झोपताना सेलचं झाकण उघडून सुकवायच्या डबीत ठेवा, सिलिकाचे दाणे रंग बदलले की बदला. माझ्या मशीनला ६७५ नंबरचा सेल लागतो, स्टिकर काढल्यावर मिनिटभर हवा लागू द्यायची मग बसवायचा, लगेच घातला तर लवकर संपतो. हे मला पहिले दोन पत्ते वाया घालवल्यावर कळलं.

माझ्या धंद्यातल्या बायकांसाठी: टाचण्या आणि केसातल्या पिना चुंबकाला येऊन चिकटतात. मी टाचण्यांची उशी आता डाव्या मनगटावर बांधते. दोन चाकीवर हेल्मेट घालताना मशीन काढून डबीत, नाहीतर घासून पडतं आणि रस्त्यात सापडत नाही.

इम्प्लांटचं कार्ड पाकिटात कायम ठेवा. पुढे कुठलंही ऑपरेशन असो, अगदी सिझेरियन किंवा पित्ताशय, आधी कार्ड दाखवून इम्प्लांट आहे हे सांगायचं. रक्त थांबवायला जी वीज वापरतात त्यातला एक प्रकार डोक्याजवळ या इम्प्लांटला चालत नाही. फिजिओथेरपीत डोक्या-मानेला विजेचा शेक देतात, तिथेही हेच सांगा.

आणि कान. इम्प्लांट बसलं म्हणून जुना कान बरा झाला असं नाही. मोकळी पोकळी दर सहा महिन्यांनी डॉक्टरांकडून साफ करून घ्यावीच लागते, अंघोळीला व्हॅसलीन लावलेला कापूस अजून लागतो. एक बदल झाला, कानात आता काही खुपसून ठेवावं लागत नाही, त्याला वारा लागतो. गेल्या पावसाळ्यात तो एकदाच वाहिला.